गांवाची खोली

(आकाशवाणीवरील भाषण)

'शहरांतील स्वस्त घर व पालटती वस्ती' हा विषय घेऊन आज मी आपणांपुढें बोलण्यास बसलों आहें. विषय शहराचा आणि वक्ता खेड्यांतला, हें पाहून आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी गांवीं राहतों. कुडाळाला लागून असलेलें हें गांव ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळें आणि कळसूत्री बाहुल्यांमुळें आपणांस ठाऊक असेल. माझ्या मास्तरकीचीं सारीं वर्षें याच भागांत गेलीं; मुंबईंत मीं सलग वर्षभरहि कधीं काढलें नाहीं. तथापि आमच्या बाजूच्या माणसाला मुंबईच्या घरांविषयीं बोलण्याचा एक अधिकार पोंचतो. आमच्याकडील पुष्कळ वाड्यांचें एक एक घर मुंबईंत होतें. तें कोणा एका कुटुंबाचें नव्हे, तर वाडीचें, गांवाचें. लालबाग, परळ, डिलाइल रोड, वरळी, नायगांव या भागांतल्या चाळींतून अशा खोल्या असत आणि त्यांना 'गांवाची खोली' असेंच म्हणत. आमच्या वाडीचीहि एक खोली लालबागेस होती. तिचा हिशोब नीट मांडला, तर शहरांत घर कशानें स्वस्त होतें आणि कशानें महाग होतें, हें दोन्ही त्यांत सांपडतें. म्हणून आज तिच्याविषयींच बोलावयाचें योजिलें आहे.

माझे वडील गिरणींत कामाला होते. शाळेंत असतांना मेच्या सुटींत मला दोन वेळां त्यांच्याकडे धाडलें होतें. तेव्हां ती खोली मीं प्रथम पाहिली. दहा फूट रुंद, बारा फूट लांब. पुढें सामाईक गॅलरी, गॅलरीच्या टोंकाला नळ आणि संडास. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचलेल्या, वर दांडीवर कपडे, माळ्यावर वळकट्या. खोलीच्या वहींत बावीस नांवें होतीं. एवढ्याशा जागेंत बावीस माणसें मावतात तरी कशीं, असें मीं वडिलांस विचारलें. ते म्हणाले, "बाबू, बावीस जण एका वेळीं खोलींत नसतातच." गिरण्या तीन पाळ्यांत चालत, पहिल्या पाळीचा मनुष्य उठून गेला कीं रात्रपाळीचा येऊन त्याच्या जागीं निजे. उन्हाळ्यांत निम्मे लोक गॅलरींत किंवा फुटपाथावर अंथरूण टाकीत. जेवण खानावळींत. खानावळ चालविणाऱ्या बायका बहुधा गिरणीकामगारांच्याच घरच्या असत. पुढें १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं याच बायकांना संघटित करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभें केलें, हें आपणांस माहीत असेलच.

खोलीचे नियम लिहिलेले नव्हते. पण ते मोडण्याची कोणाची छाती नव्हती. गांवाहून नवा मुलगा आला, कीं त्याला काम लागेपर्यंत त्याच्याकडून भाडें मागावयाचें नाहीं. काम लागलें, म्हणजे त्यानें इतरांइतकाच वांटा द्यावयाचा. आजारी पडला, तर त्याला इस्पितळांत नेणें आणि बरा होत नसेल तर गांवीं पोंचविणें हें खोलीचें काम. दर पगाराला कांहीं रक्कम वेगळी निघे. तींतून गांवच्या देवळाचीं कौलें बदललीं आणि आमच्या शाळेचें एक दालन बांधलें गेलें. एवंच ती खोली म्हणजे धर्मशाळा, नोकरीची कचेरी, पतपेढी आणि पोष्ट या चारहि संस्था एकशेंवीस चौरस फुटांत होत्या.

तिची स्तुति करतांना तिचे दोष झांकावेत असें मात्र मला वाटत नाहीं. त्या दाटींत क्षय पसरे. बायकोला तेथें जागा नव्हती; ती जन्मभर गांवीं भातशेती सांभाळी आणि मनिऑर्डरीची वाट पाही. शिवाय 'गांवाची खोली' म्हटलें तरी ती साऱ्या गांवाची नव्हती. गांवांतली शिवाशीव मुंबईपर्यंत पोंचली होती, आणि दलित वस्तींतल्या माणसांना आपली निराळी खोली निराळ्या चाळींत शोधावी लागे. ती खोली परत यावी असें मी म्हणत नाहीं. तिनें जें एक काम केलें तें आतां कोण करणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

तें काम कोणतें, हें कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं काढली आणि ती १८५६ सालीं ताडदेव येथें सुरू झाली. पुढें गिरण्या वाढल्या आणि त्यांना माणसें हवीं झालीं. कोंकणांत भाताची चार महिन्यांची शेती, जमिनीचे तुकडे लहान आणि खाणारीं तोंडें पुष्कळ. आगबोटीचें तिकीट काढून माणसें वेंगुर्लें, मालवण, रत्नागिरी या बंदरांतून निघूं लागलीं. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या शिरगणतींत मुंबईच्या दर पांच माणसांमागें सुमारें एक माणूस रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेला आढळतो. आमचें कुडाळ त्या काळीं सावंतवाडी संस्थानांत होतें, म्हणजे आमचीं माणसें या आंकड्याबाहेरचीं. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला. पण मुंबईची वाट तीच राहिली.

या माणसांना राहावयास कोठें ठेवावें, हा प्रश्न सरकारपुढें १८९६ च्या प्लेगनें प्रथम उभा केला. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें. मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागें एक रुपया कर बसवून त्या खात्यानें चाळी बांधावयास घेतल्या. त्याच आजच्या बी. डी. डी. चाळी. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता; प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी व सुमारें साडेसोळा हजार खोल्या झाल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची.

आतां या चाळींची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गिरणगांव माणसांनीं तुडुंब भरलेलें असतां, वरळीच्या या नव्या, पक्क्या, काँक्रिटच्या खोल्या पहिलीं कित्येक वर्षें मोठ्या संख्येनें रिकाम्या पडून होत्या! कारण काय? एक तर भाडें कामगाराला झेपेना. आणि दुसरें, वरळी त्या वेळीं गिरण्यांपासून दूर वाटे. भोंगा झाला कीं दहा मिनिटांत फाटकाशीं हजर व्हावयाचें. त्यांतून 'बदली' कामगाराला तर रोज सकाळीं फाटकापाशीं उभें राहिल्याशिवाय काम मिळण्याची आशाच नसे. असा मनुष्य स्वच्छ खोलीसाठीं दोन मैल लांब कसा जाईल? त्याला घराचें भाडें आणि कामाची वाट यांचा हिशोब एकत्रच करावा लागे. साहेबानें घर बांधलें. पण ही वाट हिशोबांत धरली नाहीं.

गांवाची खोली स्वस्त होती ती तीन कारणांनीं. भाडें पुष्कळांत वांटलें जाई, हें एक. काम पायीं गांठतां येई, हें दुसरें. आणि तिसरें कारण कायद्याचें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें मुंबईचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. या तिसऱ्या कारणानें भाडेकरूचें रक्षण झालें हें खरें. पण भाडें वाढत नाहीं म्हणून मालकानें दुरुस्ती सोडली आणि भाड्यानें देण्यासाठीं नवीं घरें बांधणें कोणाला परवडेनासें झालें. १९६९ सालीं सरकारला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं निराळें मंडळ काढावें लागलें, आणि उपकर भरणाऱ्या अशा इमारती तेव्हां १९,००० हून अधिक भरल्या. ज्या कायद्यानें खोली टिकविली, त्याच कायद्यानें दुसरी खोली होऊं दिली नाहीं. पहिलीं दोन कारणें मात्र कोणा कायद्याचीं नव्हतीं; तीं गिरणगांवाच्या रचनेंतलीं होतीं.

ती रचना १८ जानेवारी १९८२ या दिवसापासून ढांसळूं लागली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटला असें कधीं झालेंच नाहीं. माझे वडील सहा महिने खोलींत थांबले, नंतर ट्रंक घेऊन गांवीं आले, आणि भोंग्याच्या वेळेस जागें होण्याची त्यांची संवय मरेपर्यंत गेली नाहीं. कांहीं गिरण्या पुन्हा उघडल्या. पण हजारों कामगार बाहेरच राहिले. कापडाचें काम भिवंडीसारख्या गांवांतील यंत्रमागांकडे वळूं लागलें होतें आणि गिरणीच्या यंत्रांहून गिरणीखालची जमीन अधिक मोलाची ठरत होती.

ही जमीन थोडीथोडकी नव्हती. शहराच्या मध्यावर ती सुमारें ६०० एकर होती. १९९१ च्या विकास नियमावलींत तिच्याविषयीं एक शहाणपणाचा नियम होता. गिरणीची जमीन विकावयाची किंवा तिच्यावर बांधावयाचें, तर तिचे तीन भाग करावे : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठीं, एक म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठीं आणि एक मालकाला. २००१ सालीं या नियमांत बदल झाला, आणि वांटणी साऱ्या जमिनीची न होतां केवळ आधींच मोकळ्या असलेल्या जमिनीची व्हावी असें ठरलें. गिरणीच्या आवारांत मोकळी जमीन ती किती असणार? बहुतेक जागेवर शेड आणि गोदामें. म्हणून लोकांच्या वांट्याला यावयाचे दोन तृतीयांश आंखडून अगदीं थोडे राहिले. उच्च न्यायालयानें २००५ सालीं लोकांच्या बाजूनें निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं तो फिरविला. याच सुमारास, २००५ सालीं, लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटि रुपयांस विकली गेली. जमिनीला असा भाव आल्यावर शेजारच्या चाळींतला भाडेकरू तेथें किती दिवस टिकणार, हें सांगण्यास ज्योतिषी नको.

या घडामोडीला इंग्रजींत एक शब्द आहे. रूथ ग्लास या विदुषींनीं १९६४ सालीं लंडनच्या कांहीं मोहल्ल्यांविषयीं लिहितांना तो प्रथम वापरला : 'जेंट्रिफिकेशन'. जेंट्री म्हणजे प्रतिष्ठितवर्ग. कामकऱ्यांच्या वस्तींत हा वर्ग शिरला, म्हणजे घरांच्या किंमती चढतात आणि मूळचे लोक एकेक करून निघून जातात. आपल्याकडे यांत एक अधिक गोष्ट घडली. लंडनांत घरें तींच राहून माणसें बदललीं. गिरणगांवांत माणसें, घरें आणि कामें हीं तिन्ही एकाच पिढींत बदललीं. गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या, दुकानें आणि उपाहारगृहें आलीं. ज्या वस्तींत काम करणारे तेथेंच राहत आणि चालत कामावर जात, त्या वस्तींत आतां रोज बाहेरून हजारों माणसें येतात आणि परत जातात. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या अरुंद पुलावर सकाळच्या पावसांत चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें दगावलीं. त्या स्टेशनाचें नांव आतां प्रभादेवी आहे. तो पूल जुन्या परळचा होता. त्याच्यावरची गर्दी नव्या परळची. काम आणि घर यांची फारकत झाली म्हणजे मधल्या वाटेवर काय होतें, तें त्या दिवशीं दिसलें.

आतां मास्तरकीच्या संवयीनें मी आपणांस एक लहानसें गणित घालतों. २००१ च्या जनगणनेंत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ सालीं ती ३० लाख ८५ हजार झाली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजार होती, ती ८ लाख ४९ हजार झाली. रत्नागिरीचीहि घटली. म्हणजे ज्या गांवांतून माणूस निघाला तें गांव ओसरलें आणि ज्या वस्तींत तो उतरला ती वस्तीहि ओसरली! मग माणसें गेलीं कोठें? त्याच दहा वर्षांत ठाणें जिल्हा, ज्यांत तेव्हां पालघरहि होतें, ८१ लाखांवरून १ कोटि १० लाखांवर गेला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक तेथें आले हें खरें. पण डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपारा, विरार येथल्या पाट्या वाचीत हिंडलें, तर आमच्या तालुक्यांतलीं अर्धीं आडनांवें तेथें भेटतात. आणि आमच्या वाडींत? चतुर्थीचे दिवस सोडले तर कुलूप लावलेलीं घरें मोजावयास दोन हातांचीं बोटें पुरत नाहींत.

आतां आमच्या खोलीचें काय झालें तें सांगतों. संपानंतर वहींतलीं नांवें कमी होत गेलीं. तरी १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाल्यावरहि कांहीं वर्षें आमच्या बाजूचीं मुलें परीक्षेला, मुलाखतीला, टाटा रुग्णालयाच्या फेऱ्यांना त्याच खोलींत उतरत. पुढें चाळ पाडून मनोरा बांधावयाचें ठरलें. प्रत्येक भाडेकरूस मालकीचें नवें घर विनामूल्य मिळणार होतें. पण भाडेकरू कोण? कायदा पावतीवरचें नांव ओळखतो. त्याला 'गांव' नांवाचा भाडेकरू ठाऊक नाहीं. पावती ज्या गृहस्थांच्या नांवें होती, ते वारले होते. त्यांचा नातू डोंबिवलीपलीकडे भाड्याच्या जागेंत राहणारा, बायको आणि दोन मुलें असलेला. घर त्याच्या नांवें झालें.

त्या वर्षीं चतुर्थीला देवळांत बैठक बसली. सत्तर वर्षें ज्या खोलीचें भाडें साऱ्या वाडीनें भरलें, ती एकट्याची कशी, असें वडीलधारे म्हणत होते. घर विकावें आणि पैशांतून सभागृह बांधावें, असा कांहींचा आग्रह होता. आवाज चढले. तो मुलगा माझा विद्यार्थी. म्हणून मला बोलावयास सांगितलें. मीं त्याला म्हटलें, "बाबा रे, तुझा आजा मुंबईस गेला तेव्हां याच खोलीनें त्याला आसरा दिला. तसाच उद्यां आपला दुसरा कोणी पोर जाईल, त्याचा विचार कर." तो उठून उभा राहिला आणि शांतपणें म्हणाला, "गुरुजी, तुमी सांगशात ता करतंय; पण माझी पोरां खंय रवतली, ता माका सांगा."

देवळांत कोणी बोललें नाहीं. मलाहि उत्तर सुचलें नाहीं. रोज साडेतीन तास लोकलमध्यें उभा राहून तो नोकरीस जात होता. त्याची मुलें जागीं असतां त्यांना तो रविवारींच पाही. उद्यां येणाऱ्या मुलासाठीं त्यानें आपल्या मुलांची जागा सोडावी, हें सांगण्याचा मला काय अधिकार? आणि गांवाचा हक्क खोटा होता, असेंहि कोणत्या तोंडानें म्हणावें? दोघेहि खरे होते. भांडण लागलें होतें तें दोघांमध्यें एकच घर उरलें म्हणून. शेवटीं वाडीनें हक्क सोडला आणि एवढीच विनंति केली, कीं घर विकूं नये, त्यांत राहावें. त्यानें शब्द दिला. आज तो तेथें राहतो. पण उद्वाहक, पाण्याचे पंप, पहारेकरी यांचा दरमहाचा खर्च जुन्या भाड्याच्या कितीतरी पट आहे, आणि हा शब्द किती दिवस पाळतां येईल हें त्याला स्वतःलाच सांगतां येत नाहीं. घर फुकट मिळालें, म्हणजे राहणें फुकट झालें असें नाहीं, हें त्याच्या उदाहरणावरून दिसतें.

श्रोतेहो, सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. गिरणीकामगारांच्या घरांची मोठी सोडत २०१२ सालीं निघाली. तीं घरें २२५ चौरस फुटांचीं. तेव्हांपासून २०२० पर्यंतच्या सोडतींत मिळून पंधरा-सोळा हजार घरें निघालीं. पण अर्ज करणारे कामगार आणि त्यांचे वारस पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. उरलेल्यांसाठीं शेलू आणि वांगणी येथें घरें देण्याची योजना पुढें आली. हीं ठिकाणें कर्जतच्या मार्गावर, बदलापूरच्याहि पुढें आहेत. कामगारांच्या संघटनांनीं तिला विरोध केला, तेव्हां 'मिळतें तें घ्यावयाचें सोडून हट्ट कसला?' असें बोलणारे शहाणे पुष्कळ निघाले. त्यांना मी वरळीच्या रिकाम्या खोल्यांची आठवण करून देतों. शंभर वर्षांपूर्वीं दोन मैलांचें अंतर कामगाराला जड गेलें होतें. आज त्याच्या नातवाला चाळीस मैलांचें अंतर हलकें कसें वाटावें?

दुसरीकडे, बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास हें मला आशेचें चिन्ह वाटतें. तेथें १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागीं त्याच ठिकाणीं ५०० चौरस फुटांचें घर मिळत आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजीं रहिवाशांच्या हातीं आल्या. शंभर वर्षें एका खोलींत काढलेल्या कुटुंबांना हें सुख खचित मिळावें. परंतु माझ्या मनांत शंका उरतेच. तीं घरें आतां मालकीचीं झालीं. मालकीचें घर आज ना उद्यां बाजारांत जातें, आणि बाजारांत गेलें कीं त्याची किंमत परळच्या जमिनीची होते. या पिढीचा प्रश्न सुटला. पुढच्या पाहुण्याचा तसाच राहिला.

बी. डी. डी. चाळी बांधल्या जात होत्या त्याच काळांत ऑस्ट्रियाच्या राजधानींत, व्हिएन्ना शहरांत, दुसरा प्रयोग चालला होता. १९२३ सालीं तेथील नगरपालिकेनें घरांवर चढता कर बसविला. ज्याचें घर मोठें त्याच्यावर भार मोठा. १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक घरें बांधलीं. त्यांपैकीं 'कार्ल मार्क्स होफ' या एकाच वसाहतींत १,३०० हून अधिक कुटुंबांची सोय होती आणि जोडीला बालवाडी, धुलाईघर, वाचनालयहि होतें. मुख्य गोष्ट अशी, कीं नगरपालिकेनें तीं घरें विकून टाकलीं नाहींत. आज त्या शहराच्या मालकीचीं दोन लाखांहून अधिक घरें आहेत आणि तीं भाड्यानेंच दिलीं जातात. राहणारा बदलतो, घर स्वस्तच राहतें. आमच्या गांवाच्या खोलीचें तत्त्व याहून निराळें नव्हतें. ती कोणा एकाची नव्हती, म्हणून पुढच्याच्या उपयोगीं पडली.

यावरून मला दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, घराची स्वस्ताई मोजतांना त्याच्या किंमतींत येण्याजाण्याचे पैसे आणि तासहि धरावे. तसें धरलें, तर स्वस्त म्हणून जाहीर होणारीं पुष्कळ घरें महाग ठरतील. दुसरी, सार्वजनिक जमिनीवर जीं घरें होतात, त्यांतला कांहीं भाग तरी कायमचा भाड्याचा ठेवावा आणि त्यांत नव्यानें येणाऱ्या एकट्या तरुणांसाठीं व तरुणींसाठीं वसतिगृहें असावींत. गांवाच्या खोलीनें बाईला जागा दिली नाहीं आणि शिवाशीव पाळली. नव्या खोलीनें त्या दोन्ही चुका टाळाव्या.

हें सारें सरकारवर सोंपवून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. आज माझें भाषण ऐकणाऱ्या पुष्कळ घरांत स्वयंपाकास बाई येते, दाराशीं पहारेकरी असतो, आजाऱ्यापाशीं रात्रीं परिचारिका बसते. हीं माणसें कोठून येतात, किती वाजतां निघतात, हें आपण कधीं विचारलें आहे काय? आपल्या गृहसंस्थेच्या शेजारीं लहान भाड्याच्या घरांची योजना आली, म्हणजे 'वस्तीचा दर्जा जाईल' म्हणून अर्जावर पहिली सही आपलीच तर नसते ना?

गेल्या जून महिन्यांत आमच्या वाडीचा एक मुलगा मुंबईस नोकरीला गेला. निघतांना पायां पडावयास आला, तेव्हां त्याला 'उतरणार कोठें?' असें मीं विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, नालासोपाऱ्याक एका खोलींत खाट बघितलंय. खोलींत सहा जण आसत." मीं विचारलें, "गांवचे कां रे?" तो म्हणाला, "नाय. कोण खंयचो, कोण खंयचो." त्याला कांहीं दुखलेंखुपलें तर त्या सहांपैकीं कोणी त्याला गांवीं पोंचवील, अशी आशा मी धरतों. माझ्या वडिलांची पत्र्याची ट्रंक अजून आमच्या माजघरांत आहे. ती मीं त्याला देऊं केली. पण ठेवावयाला जागा नाहीं म्हणून त्यानें नेली नाहीं.